माणूस पुन्हा पुन्हा युद्ध का करतो? ते टाळता येतं का?

येतं. हे मला १९९९ सालीच एका माणसाला सांगायचं होतं.

त्या जूनमध्ये माझा थोरला भाऊ कारगिलच्या बाजूला होता. घरी फोन नव्हता. त्याचं पत्र आलं की आई आधी तारीख बघायला लावायची. ती पंधरा दिवसांपूर्वीची असायची. एका पत्रात एवढंच होतं : 'काळी व्याली का? गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन कोण जातंय? आबांना पहाटे एकटं सोडू नका.' लिहिलं तेव्हा तो जिवंत होता, एवढंच त्यातून कळायचं. आई पत्र बटव्यात ठेवून धारेला बसायची. हात नेहमीसारखा चालायचा नाही, म्हैस पान्हा चोरायची.

त्याच आठवड्यात तालमीच्या कट्ट्यावर मामा म्हणाले, "युद्ध माणसाच्या रक्तातच असतंय. होऊन जाऊ दे एकदाच आरपार." मी अठरा वर्षांचा, गप्प बसलो. ते आजही खुपतं.

उत्तर आमच्या कोल्हापूरच्याच इतिहासात होतं. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे चुलतभाऊ. गादी कुणाची, चौथाई (मुलखाच्या वसुलाचा चौथा हिस्सा) कुणाला द्यायची, यावरून दोन्ही घरं वीस वर्षांहून जास्त भांडली. निजाम त्यात तेल ओतत राहिला. १७३१ मध्ये वारणेचा तह झाला, नदी हद्द ठरली, जिंकलेल्या भावानं हरलेल्याचं राज्य गिळलं नाही आणि दोन्ही गाद्या नांदल्या. रक्त तेच होतं की!

फ्रान्स-जर्मनी १८७०, १९१४ आणि १९३९ असे तीनदा भिडले. १९५१ मध्ये कोळसा-पोलाद सामाईक ताब्यात आणायचा करार केला, त्यानंतर एकमेकांवर फौज घातलेली नाही. युद्धं होतात ती जमिनीपायी, गादीपायी आणि समोरचा आधी वार करील या भीतीपायी. घरचं कुणी सीमेवर नसलं की ती सोपीही वाटतात.

एक मात्र सांगायला हवं. कारगिलची कुरापत आपली नव्हती. शिखरांवर घुसलेल्यांना हुसकावणं भागच होतं, भाऊही हेच म्हणतो. त्यात आपले ५२७ जवान गेले. पण वाजपेयी सरकारनं फौजेला नियंत्रण रेषा ओलांडू दिली नाही. 'आरपार' झालं असतं तर आकडा कुठे गेला असता?

भाऊ परत आला. पुढच्या वर्षी मामांचा मुलगा भरतीला निघाला, तर मामांनी त्याला एसटी स्टँडवरून माघारी आणलं. बाप म्हणून त्यांचं काही चुकलं नाही. मग त्या दिवशी कट्ट्यावर, माझ्यासमोर, ते का म्हणालात, मामा?