मशीन गप्प, मीटर बोंबलतंय

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात मशीनच्या व्हायब्रेशनचे (थरथरीचे) प्रश्न एवढे आलेत की बाकीचे बाजूला ठेवावे लागले, चार घेतलेत. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण तो प्रश्न दर हंगामात कुणी ना कुणी विचारतंच.

प्रश्न : सर, मी साखर कारखान्यात मेकॅनिकलला आहे. बॉयलरच्या आयडी फॅनची (धूर ओढणारा पंखा) स्पीड ९८५ आरपीएम. ड्राइव्ह साइडच्या बेअरिंगवर गेल्या महिन्यात ३.२ मिमी/सेकंद होतं, परवा घेतलं तर एकदम २६! बेअरिंगवर हात ठेवला तर काहीच वेगळं जाणवत नाही. स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती व्हायब्रेशन ते दाखवणारा आलेख, कमी फ्रिक्वेन्सी डावीकडे) डावीकडे एकदम उंच आणि मग उतरत जातं, मधे फॅनच्या स्पीडचा पीक नेहमीएवढाच आहे. साहेब म्हणतात फॅन थांबवा, पण गाळप जोरात चालू आहे. काय करू?

उत्तर : फॅन थांबवू नका, आधी सेन्सर पुन्हा लावा.

एक साधा हिशोब करून बघा. २६ मिमी/सेकंद खरंच फॅनच्या स्पीडला असतं तर ते बेअरिंग हाउसिंग जवळपास ०.७ मिमी मागेपुढे हललं असतं, हाताचं सोडाच, लांबून डोळ्यांना दिसलं असतं आणि खालच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहवलं नसतं. तुम्हाला काही जाणवत नाही म्हणताय, म्हणजे आकडा कुठून तरी दुसरीकडून आलाय. तो डावीकडचा उतार म्हणजे आमच्या भाषेत घसरगुंडी, ती बऱ्याचदा मशीनची नसतेच.

होतं काय की सेन्सर मोजतो अॅक्सेलरेशन आणि मीटर त्याचं इंटिग्रेशन करून व्हेलॉसिटी काढतो, आणि त्यात फ्रिक्वेन्सीने भागायचं असतं, म्हणजे फ्रिक्वेन्सी जेवढी कमी तेवढी चूक फुगत जाते. ०.०१ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं अॅक्सेलरेशन) एवढा किरकोळ कचरा सिग्नलमध्ये आला, तर २५ हर्ट्झला त्याचे होतात ०.६ मिमी/सेकंद, कुणी बघणारही नाही, पण तोच कचरा १ हर्ट्झला आला तर होतात १५.६! मशीनने काही केलेलं नसतं, गणिताने केलेलं असतं.

आता कचरा येतो कुठून? सगळ्यात कॉमन म्हणजे मॅग्नेट खाडकन आपटून लगेच बटण दाबणं. आपटल्यावर सेन्सरला सावरायला काही सेकंद लागतात. मॅग्नेट एका कडेवर टेकवून हळूच खाली बसवायचा, मग मनात दहा आकडे म्हणायचे आणि मगच रीडिंग. दुसरं, थंड सेन्सर गरम हाउसिंगवर ठेवला की तो गरम होईपर्यंत सिग्नल सरकत राहतो, आयडी फॅनला हे हमखास होतं, त्यामुळे तिथं एक-दोन मिनिटं थांबाच. तिसरं केबल आणि कनेक्टर. मीटरमध्ये सेन्सरचं बायस व्होल्टेज (सेन्सर चालू असताना त्यावर कायम असणारं डीसी व्होल्टेज) बघायची सोय असते ती वापरा, साधारण १० ते १४ व्होल्टच्या मधे असेल तर बरं, शून्याजवळ असेल तर कुठंतरी शॉर्ट आहे आणि सप्लायचे पूर्ण व्होल्ट दिसत असतील तर केबल तुटलीय किंवा कनेक्टर निसटलाय. (मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला असल्याच घसरगुंडीवरून एक गिअरबॉक्स खोलायला लावला होता. आत सगळं चकाचक निघालं, आणि संध्याकाळी कनेक्टर उघडला तर त्यात पाणी. त्या शिफ्टच्या फिटरने पुढं दोन वर्षं मला सोडलं नाही.)

चौथं कारण मात्र मशीनकडूनच येतं, आणि इथंच लोक फसतात. १०० मिलिव्होल्टचा (एका जीला १०० मिलिव्होल्ट देणारा) नेहमीचा सेन्सर साधारण ५० जी पर्यंत मोजतो. जवळ वाफ जोरात लीक होत असेल, पंपात कॅव्हिटेशन (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) असेल किंवा गिअर फार कडकड करत असेल तर वरच्या फ्रिक्वेन्सीला सेन्सर भरून जातो आणि त्याची घाण खाली घसरगुंडी होऊन दिसते. तेव्हा फिल्टर लावून डावी बाजू कापून टाकू नका, उतार गायब होईल पण उरलेला स्पेक्ट्रमही खोटाच असेल. १० मिलिव्होल्टचा सेन्सर आणून परत घ्या.

वेव्हफॉर्म (वेळेनुसार सिग्नलची रेघ) अॅक्सेलरेशनमध्ये उघडून बघा. शून्याच्या रेषेच्या वर-खाली सारखी असेल तर सिग्नल धड आहे, एका बाजूला वाहत चालली असेल किंवा वर कापल्यासारखी सपाट झाली असेल तर रीडिंग फेकून द्या. आणि हो, डँपर (हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप) फार बंद असताना फॅनमध्ये हवेची खरीखुरी गडबड होते, तिची फ्रिक्वेन्सीही फॅनच्या स्पीडपेक्षा कमी असते, पण तिचा ढीग मधेच कुठंतरी वर येतो, पहिल्या रेघेपासून गुळगुळीत उतरत नाही. डँपर थोडा हलवून बघितलं की लगेच कळतं.

प्रश्न : दोन पोलची मोटर, २९७५ आरपीएम, पुढं पाण्याचा पंप. १०० हर्ट्झला मोठा पीक येतोय. अलाइनमेंट (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आणणं) तीनदा केली, फरक शून्य. मोटर अधूनमधून भोंऽऽ भोंऽऽ असा आवाज करते, चढतो-उतरतो. आता अलाइनमेंटवाला पण यायला तयार नाही.

उत्तर : येईल कसा, त्याची चूकच नाहीये बहुतेक! तुमच्या स्पीडची दुप्पट होते ९९.१७ हर्ट्झ आणि लाइटच्या फ्रिक्वेन्सीची दुप्पट होते १०० च्या आसपास, दोघांत फरक एक हर्ट्झसुद्धा नाही. मीटरवर १००० हर्ट्झपर्यंत ४०० लाइन (म्हणजे स्पेक्ट्रमचे तेवढे भाग) असं सेटिंग असेल (बहुतेक ठिकाणी तसंच असतं) तर एक लाइन २.५ हर्ट्झची झाली, त्यात दोन्ही पीक एकाच खोलीत कोंबलेले दिसणार. ६४०० लाइन लावा, एका सँपलला ६.४ सेकंद लागतील, लागू देत. किंवा वरची मर्यादा २०० हर्ट्झवर आणा आणि १६०० लाइन घ्या. मग दोन पीक वेगळे उभे राहतील.

तो भोंऽऽ भोंऽऽ आवाज म्हणजे दोन जवळच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींना कधी साथ देतात कधी मारतात त्याचा, साधारण सव्वा सेकंदाला एकदा येत असेल, घड्याळ लावून बघा. त्यावरूनच मला इलेक्ट्रिकलचा संशय येतोय.

पक्कं करायचं असेल तर सोपी परीक्षा : रीडिंग चालू ठेवून मोटरची सप्लाय बंद करा. पीक त्याच क्षणी गेला तर इलेक्ट्रिकल, स्पीड उतरेल तसा हळूहळू खाली सरकत गेला तर मेकॅनिकल. ग्रिडची फ्रिक्वेन्सी आपल्याकडे ४९.९ ते ५०.०५ च्या पट्ट्यात इकडंतिकडं होत असते, त्यामुळे बरोब्बर १०० चा हट्ट धरू नका. इलेक्ट्रिकल निघाला तरी लगेच मोटर रिवाइंडिंगला पाठवायची घाई नको, आधी सॉफ्ट फूट (मोटरचा एखादा पाय बेसवर नीट न टेकणं) बघा. पायाला डायल गेज लावायचा, एकेक बोल्ट सैल करायचा, पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला की शिम (पायाखालची पातळ पट्टी) बदलायची. पाय वाकडा असताना बोल्ट आवळले की मोटरची बॉडी पिळते आणि आतला एअर गॅप (रोटर आणि स्टेटरमधली फट) एका बाजूला कमी होतो, मग १०० हर्ट्झ ओरडणारच.

प्रश्न : एकाच पॉइंटला मी ५ मिमी/सेकंद आणतो आणि आमचा दुसरा टेक्निशियन ७.१ आणतो. कुणाचा मीटर बरोबर?

उत्तर : दोघांचाही. ५ ला १.४१४ ने गुणा, ७.०७ येतील. एकाचा आरएमएसवर (एक प्रकारची सरासरी) आहे, दुसऱ्याचा पीकवर (सगळ्यात वरचं टोक). आयएसओच्या मर्यादा आरएमएसमध्ये असतात, तेव्हा दुसऱ्या टेक्निशियनच्या मीटरचं सेटिंग बदलून घ्या आणि जुन्या नोंदीही तपासा, ट्रेंडमध्ये हा गोंधळ शिरला असेल. आणि हाताने प्रोब टेकवून घेत असाल तर बेअरिंगच्या वरच्या फ्रिक्वेन्सीचं काही खरं नसतं, मॅग्नेट वापरा, खालचा रंग खरवडून.

प्रश्न : आमच्याकडे तीन पंप एका बेसवर आहेत, एक स्टँडबाय. ऑनलाइन सिस्टिम बंद पंपावर १.२ मिमी/सेकंद दाखवते. इन्स्ट्रुमेंटवाले म्हणतात सेन्सर गेला, बदलू. बंद मशीनला व्हायब्रेशन कसं येईल?

उत्तर : वर तीन वेळा मीटरवर शंका घ्यायला सांगितली, इथं मात्र सेन्सरवर विश्वास ठेवा. स्पेक्ट्रम उघडा. पीक शेजारच्या चालू पंपाच्या स्पीडवर, म्हणजे समजा १४८५ आरपीएम असेल तर २४.७५ हर्ट्झवर असेल, तर व्हायब्रेशन खरं आहे आणि बेस किंवा पाइपमधून येतंय. शेजारचे दोन्ही पंप पाचच मिनिटं बंद करता आले तर आकडा शून्याकडे जाईल, सेन्सर बदलायचा खर्च वाचला. नाही गेला आणि बरोबर ५० हर्ट्झवरच अडकून बसला तर मग केबलची शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलीय का बघा, ती एकाच टोकाला हवी.

पण खरी काळजी वेगळीच आहे. बंद पंपाच्या बेअरिंगमधले बॉल एकाच जागी बसून रेसवर (बेअरिंगच्या कड्यांवर) घासत राहतात, मधली ग्रीसची फिल्म निघून जाते, आणि काही महिन्यांनी रेसवर बॉलच्या अंतराने खड्डे पडतात. मग ज्या दिवशी चालू पंप बसतो त्या दिवशी स्टँडबाय चालू केला की पहिल्या मिनिटापासून बेअरिंग आवाज करतं आणि सगळे म्हणतात अहो हा तर नवाच होता! आठवड्याला एकदा शाफ्ट हाताने सव्वादोन फेरे फिरवायचा, पूर्ण फेऱ्यावर आणून सोडायचा नाही नाहीतर शाफ्ट परत जुन्याच जागी येऊन थांबतो. कपलिंगवर खडूची खूण करा म्हणजे कळेल कुणी खरंच फिरवतंय की नुसती रजिस्टरमध्ये सही ठोकतंय. पंधरा दिवसांनी पंप आलटून पालटून चालवता आले तर सगळ्यात उत्तम, फक्त प्रॉडक्शनवाल्यांना ते पटवायचं काम तुमचं.