डांबर माखलेला पक्षी सापडला तर लगेच धुवू नका

पावसाळी वाऱ्याने किनाऱ्यावर आलेली, डांबराने माखलेली बूबी (मासे खाणारा समुद्रपक्षी) तुम्ही घरी आणलीय आणि भांड्यांच्या साबणाने धुवू का, असं विचारलंय. साबण तोच लागतो, पण आज धुवू नका. कळकळीने सांगतोय, कारण माझ्या हातून असा एक पक्षी गेलाय.

गुहागरच्या बाजूला जुलैत मिळाला होता. पोटाखाली डांबराचा थर, पाय बर्फासारखे. आम्ही दोघांनी बादली घेतली आणि पाऊण तास घासला. एक पंख पांढराशुभ्र निघाला आणि त्याने मान टाकली. गारठलेल्या, उपाशी जिवाला एवढी झटापट झेपलीच नाही.

पिसं बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेली असतात, म्हणून पाणी कातडीपर्यंत जात नाही. डांबरातल्या तेलाने ती वीण मोडते आणि पक्षी आतून भिजून गारठतो. चोचीने पिसं साफ करताना तेच तेल पोटात जातं, अंगातलं पाणी कमी होतं. त्यामुळे ऊब आणि आराम आधी. धुणं त्याच्या अंगात ताकद आल्यावर, जाणत्या माणसाच्या हातून.

भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाशी जुना टॉवेल, अंधार आणि शांतता. डोळ्यांभोवतीचं आणि चोचीवरचं डांबर मऊ कापडाने टिपून घ्या. चावेल म्हणून चोचीला रबरबँड अजिबात लावू नका! बूबीला बाहेरून उघड्या नाकपुड्या नसतात, ती तोंडानेच श्वास घेते. घशात पाणी ओतू नका, मासा कोंबू नका. रॉकेल-पेट्रोल जवळही नको.

पक्ष्यांच्या बचाव केंद्रात धुताना पाणी साधारण ४० अंश ठेवतात आणि टब बदलत राहतात. घट्ट डांबर आधी खाद्यतेलाने सैल करतात. सगळ्यात चिकाटी लागते ती नंतर साबण काढायला, कारण साबणाचा अंश राहिला तरी पिसं पाणी धरतात. थेंब पिसांवरून घरंगळायला लागले की धुणं झालं. पुढे पोहायच्या टाकीत काही दिवस जातात.

एवढं करून जगतात का? जगतात. जून २००० मध्ये केपटाऊनजवळ 'ट्रेझर' जहाज बुडालं, तेव्हा सुमारे १९,००० पेंग्विन तेलात माखले होते. त्यातले बहुतेक धुऊन, बरे करून परत सोडले. तितकेच न माखलेले पेंग्विन उचलून पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडले. ते पोहत घरी पोचेपर्यंत किनारा साफ करायला वेळ मिळाला. ही युक्ती मला आजही थक्क करते.

कासव सापडलं (आपल्याकडे बहुतेक ऑलिव्ह रिडले) तर समुद्रात परत ढकलू नका, पाण्याच्या टाकीतही ठेवू नका. दमलेलं कासव पाण्यात बुडून मरतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. २०२१ मध्ये इस्रायलच्या किनाऱ्यावर डांबर आलं, तेव्हा तिथल्या केंद्राने कासवांच्या पोटातलं डांबर सुटावं म्हणून त्यांना मेयोनीज भरवलं होतं. आपण मात्र घरी असला प्रयोग करायचा नाही.

वन्यप्राणी घरी ठेवणं कायद्यातही बसत नाही. वनविभागाचा १९२६ हा नंबर आत्ता लावा. पक्षी कुठे, किती वाजता सापडला ते सांगा. डांबराचा फोटोही काढून ठेवा, नंतर उपयोगी पडतो. गाडी येईपर्यंत खोका उघडून बघत बसू नका आणि घरातल्या मुलांनाही लांब ठेवा.