‘आता एक खमक्याच पाहिजे’: नोकरी गेलेल्या घरातलं राजकारण

“नोकरी गेल्यापासून हे दिवसभर मोबाईलवर राजकारणाचे व्हिडिओ बघतात. जेवायला बसलं की सुरू. अमक्यांना हाकला, तमक्यांच्या सवलती बंद करा, देशाला आता एक खमक्याच पाहिजे. अठरा वर्षांत यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. मंदीत देशाचं व्हायचं ते होईल, आमच्या घराचं काय?”

ठाण्यात वर्तकनगरला राहणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. घोडबंदर रोडपासून घणसोलीपर्यंतची माणसं थोड्याफार फरकाने हेच विचारतात, म्हणून सविस्तर उत्तर. (हकिकत अशा बऱ्याच घरांवरून जुळवलेली आहे, ओळखीच्या खुणा काढून टाकल्यात.)

यजमान ४६ वर्षांचे, ऐरोलीत एका आयटी कंपनीत मॅनेजर. दोन महिने बेंचवर, म्हणजे काम न देता, बसवलं आणि मग राजीनामा लिहून घेतला. पाच आठवडे त्यांनी घरी सांगितलंच नाही. सकाळी बॅग घेऊन ट्रान्स हार्बरची लोकल पकडायची, ऐरोलीला उतरायचं, दुपारी फलाटावरच्या बाकावर डबा खायचा, संध्याकाळी नेहमीच्या वेळेला घरी. ताईंना कळलं ते डब्यामुळे. ऑफिसातून डबा विसळून यायचा, तो खरकटा यायला लागला.

अशा माणसाशी समुपदेशकाने पहिल्या भेटीत राजकारणावर अवाक्षर काढायचं नसतं. आधी झोप, भूक, दारू, आणि ‘जगू नये असं वाटतं का’ हा सरळ प्रश्न. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. यांचं उत्तर ‘नाही’ होतं. झोप मात्र पहाटे तीनला लागायची.

तोवर घरच्यांनी केलं ते बहुतेक घरांत करतात. बारावीतला मुलगा प्रत्येक फॉरवर्ड तपासून ताटावरच वडिलांना खोटं पाडायचा. मुलाची माहिती बरोबर असायची. पण वडील त्या आकड्यासाठी भांडतच नव्हते. घरात आपल्या शब्दाला अजून वजन आहे का, ते चाचपत होते. तिथे हरले की दुसऱ्या दिवशी आणखी जहाल व्हिडिओ. ताईंनी एकदा वायफाय बंद केलं, तर ते तलावपाळीवर जाऊन बसले.

दुसऱ्या भेटीत एक तक्ता दिला: सात दिवस, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. काय केलं एवढंच लिहायचं, कसं वाटलं ते नको. युक्ती जुनी आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली एकुलती कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली, तेव्हा समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांकडून असेच तक्ते भरून घेतले होते. वेळ हवा तेवढा, तरी वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं. पक्षांच्या कामातूनही माणसं गळत होती. बायकांचे रकाने भरलेले, पुरुषांना मात्र सकाळपासून काय केलं ते आठवत नसे. बेकारीने माणूस लगेच पेटून उठतो असं नाही, आधी तो थिजतो. याहोडांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते: दिवसाला आखणी, घराबाहेरची माणसं, मिळून करायचं काम, समाजात ओळख आणि हातापायांना चाळा.

यजमानांच्या तक्त्यात आठवड्याचे ३१ तास व्हिडिओ निघाले. आकड्यापेक्षा वेळा पाहण्यासारख्या होत्या. सगळ्यात जास्त सकाळी ९ ते ११, म्हणजे ऑफिसात रोजची मीटिंग चालायची तेव्हा. त्या पाचांपैकी तीन गोष्टी त्यांना तिथून मिळत होत्या: ठरलेली वेळ, ‘आपण सगळे’ ही भावना, आणि शत्रू ओळखणारा जाणकार ही नवी ओळख. नुसतं ‘बघू नका’ म्हणून भागत नाही, ती जागा भरावी लागते. ठरलं असं: ९ ते ११ वाचनालयात बसून अर्ज, फोन घरी, संध्याकाळी सोसायटीच्या टँकर बिलांचा हिशेब, व्हिडिओ रात्री ९ ते साडेनऊ. पहिल्याच आठवड्यात सगळं कोलमडलं, कारण तिन्ही बदल एकदम घातले होते. मग फक्त सकाळचे दोन तास ठेवले. ते टिकल्यावर बाकीचे जोडले.

तिसऱ्या भेटीत त्यांनीच विचारलं, “मंदी आली की हुकूमशहा येणारच ना?” स्वरात भीती कमी आणि आशा जास्त होती.

जर्मनीत नाझींना १९२८ मध्ये २.६ टक्के मतं होती, जुलै १९३२ मध्ये ३७.३. बेकार ६० लाखांच्या घरात, आणि चॅन्सेलर ब्रुनिंग पगार नि बेकारभत्ता छाटत सुटलेले. पण प्रत्यक्ष बेकार झालेले कामगार कम्युनिस्टांकडे जास्त झुकले. नाझींकडे छोटे दुकानदार, कारागीर, शेतकरी जास्त वळले. त्यांचा धंदा अजून चालू होता, पण पायाखालची पायरी हलत होती. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. नेमक्या त्याच दिवशी कोपनहेगनला पंतप्रधान स्टाउनिंग यांच्या राहत्या घरी सरकार आणि विरोधी पक्ष यांच्यात समझोता झाला: शेतकऱ्यांसाठी चलनाचं अवमूल्यन, बेकारांना मदत, वर सामाजिक सुधारणांचे कायदे. मंदी दोन्हीकडे तीच होती. डेन्मार्कमध्ये चटके वाटून घेतले गेले, जर्मनीत ते कुणावर तरी ढकलले गेले.

यजमान ‘पायरी हलते’ या शब्दांवर थांबले. त्यांच्या खात्यात ११ महिन्यांचे हप्ते भरतील इतके पैसे होते, आणि ते घरात त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून घरात रविवारची बैठक ठरवली, तीही जुन्या उदाहरणावरून. रूझवेल्ट ४ मार्च १९३३ ला सत्तेवर आले तेव्हा अमेरिकेत बँकांपुढे रांगा होत्या. त्यांनी देशभरच्या बँका काही दिवस बंद ठेवल्या आणि १२ मार्चच्या रविवारी रेडिओवरून बँकेत ठेवलेल्या पैशाचं नेमकं काय होतं ते साध्या भाषेत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या, तेव्हा लोक पैसे परत भरायला आले. घरातही भीती घालवते ती आकड्यांची पारदर्शकता. एका कागदावर शिल्लक, हप्ता, फी, मेंटेनन्स आणि पैसे कुठल्या तारखेपर्यंत पुरतील ती तारीख. मुलासमोर. हप्ता थकण्याआधीच बँकेत जायचं. ९० दिवसांहून जास्त थकला की कर्ज एनपीए, म्हणजे थकीत खात्यात, जातं आणि मग शाखेतल्या साहेबांच्या हातात फारसं काही राहत नाही.

त्या बैठकीला ७८ वर्षांचे सासरेही होते, एरवी टीव्हीसमोरून न हलणारे. लालबागच्या गिरणीतले. १८ जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. १९८४ ला काँग्रेसची लाट असूनही कामगारांनी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांना लोकसभेवर पाठवलं. “डॉक्टरांना आम्ही दिल्लीला धाडलं, पण गिरणीचा भोंगा काय वाजला नाही,” म्हातारे म्हणाले. मग जरा वेळाने, “मी गावाला दोन वर्षं सांगत होतो, गिरणी चालू आहे म्हणून.” यजमान वडिलांकडे बघतच राहिले. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये बोलू नये.

हिशेबासाठी यजमानांनी जुनी पगाराची स्लिप आणली होती. ‘फुकट्यांना पोसायला आमचा कर’ हे त्यांचं पालुपद. व्यवसाय कराची ओळ त्यांनाच वाचायला सांगितली: महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला, त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर हा कर बसला. दुष्काळाची झळ शहराने थोडी वाटून घेतली, ती अशी.

“बरं. मग माझ्यासाठी काय?”

प्रश्न बिनतोड होता. नोकरी गेलेल्या विमाधारकाला ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत ९० दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ५० टक्के मिळू शकतात, पण ईएसआयसीची वेतनमर्यादा २१,००० रुपये. त्यावरच्या पगारदाराला असं काहीच नाही. इथे समजूत काढणं म्हणजे फसवणं. तक्रार रास्त आहे, ती लिहून आमदार-खासदारांच्या कार्यालयात द्या, एवढंच सांगितलं.

पहिला मसुदा साडेचार पानांचा होता आणि त्यात तीन समाजांची नावं होती. दुसरा आला तो दीड पानाचा, सासऱ्यांच्या हस्ताक्षरात दुरुस्त्या केलेला. त्यात कुठल्याच समाजाचं नाव नव्हतं, मागण्या दोन होत्या आणि खाली सोसायटीतल्या १४ जणांच्या सह्या.