कृषी कॉलेजांच्या कायद्यासाठी ओळखला जाणारा अमेरिकन खासदार जस्टिन मॉरिल खरंच शेतकरी होता का? आणि त्याच्या १८६२ च्या कायद्याने कॉलेजांना ‘जमीन’ दिली म्हणजे नक्की काय दिलं?

शेतकरी होता, पण पोटासाठी नव्हे. मूळचा दुकानदार. जन्म १८१० चा, अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यातल्या स्ट्रॅफर्ड गावात, वडील लोहार. पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. पुढे भागीदारीत दुकानदारी केली आणि १८४८ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, गाठीला पुरेसा पैसा बांधून धंदा सोडला. मग घर, बाग, शेती. घर अजून उभं आहे: लाकडी, सतरा खोल्यांचं, पण दगडी भासावं म्हणून गुलाबी रंगवलेलं. १८५४ ला निवडून आला. १८५५ ते १८६७ अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधिगृहात, तिथून वरच्या सभागृहात म्हणजे सिनेटमध्ये, १८९८ ला मरेपर्यंत. म्हणजे निवांत शेतीची वर्षं जेमतेम सहा-सात.

आता जमीन. बहुतेकांना वाटतं, कॉलेज बांधायला प्लॉट मिळाला. तसं नाही. राज्याचे जितके खासदार (दोन्ही सभागृहं धरून), तितके गुणिले ३०,००० एकर, असा हिशेब होता. व्हर्माँटचे पाच, म्हणून दीड लाख एकर. न्यूयॉर्कचे तेहतीस, म्हणून ९ लाख ९० हजार. ही जमीन विकायची, आलेले पैसे किमान ५ टक्के व्याज देणाऱ्या रोख्यांत गुंतवायचे आणि व्याजावर कॉलेज चालवायचं. मुद्दल घटलं तर राज्याने भरून द्यायचं. मुद्दलातले फार तर १० टक्के कॉलेजची जागा किंवा प्रयोगाचं शेत घ्यायला वापरता येत. इमारतीला एक पैसाही नाही, आणि कॉलेज पाच वर्षांत उभं करायचं.

गोची झाली ती पूर्वेकडच्या राज्यांची. त्यांच्या हद्दीत केंद्राची जमीनच नव्हती, म्हणून त्यांना ‘स्क्रिप’ मिळाली, म्हणजे एकरांचं प्रमाणपत्र. ती घेऊन राज्याला स्वतः दुसऱ्या राज्यात जमीन निवडायला मनाई. स्क्रिप विकत घेणाऱ्यालाच तो हक्क. सगळेच विकायला निघाल्यावर भाव पडणारच. सरकारी दर एकरी सव्वा डॉलर, पण ऱ्होड आयलंडच्या १ लाख २० हजार एकरांचे आले फक्त ५०,००० डॉलर. एकरी ४२ सेंटसुद्धा नाहीत! न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल विद्यापीठाचा संस्थापक एझ्रा कॉर्नेल याने मात्र स्क्रिप स्वतः विकत घेतली, विस्कॉन्सिनमधली पाइनची जंगलं निवडली आणि नफा विद्यापीठाला मिळेल अशी अट घालून थांबून राहिला. त्यातून पुढे सुमारे ५० लाख डॉलर आले. कायदा तोच, फरक फक्त घाई न करण्याचा. ही सगळी जमीन मुळात आदिवासी जमातींची होती, हे या हिशेबात कुठेच नसतं.

मॉरिलचं हेच विधेयक (तेव्हा खासदारामागे २०,००० एकर) १८५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी नाकारलं होतं. १८६२ मध्ये यादवी युद्धामुळे दक्षिणेकडच्या राज्यांचे विरोधक खासदार फुटून बाहेर गेलेले, विधेयकात लष्करी शिक्षणाचं कलम जोडलं, आणि २ जुलैला लिंकन यांची सही झाली.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही आपली कृषी विद्यापीठं याच धर्तीची म्हणतात, ते बरोबर आहे. पण शिक्षण, संशोधन आणि विस्तार (म्हणजे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणं) या तिन्हींतलं फक्त पहिलं मॉरिलचं. संशोधन केंद्रं १८८७ च्या हॅच कायद्याने आली, विस्तार १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने.