सन मागाहून सांग

बेटा,

परवा शाळेतून परत येताना टेम्पोत तू तोंड पाडून बसला होतास. समोर पन्नास पोट्टे, अन् तू मोबाइलमध्ये पाहून गाण्याच्या इतिहासातले सन, १९०२, १९३१, १९४९, वाचत होतास. निम्मे दप्तराची चेन उघडझाक करत होते. मन लहान करू नको. माझा पहिला कार्यक्रम याहून पडला होता. चौथीतल्या एका पोरीनं मधातच विचारलं, "काका, तुमी लग्नात वाजवता थेच ना? मंग वाजवा ना!" मास्तर तिच्यावर ओरडले. पोरीचं बरोबर होतं.

आधी वाजव. वरातीतलं अँथनीचं गाणं घे. ते सगळ्यांच्या पायात आहे. पोट्टे नाचून दमले की सांग, 'अमर अकबर अँथनी' सिनेमा १९७७चा, पण अँथनी गोन्साल्विस हा माणूस खराच होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा, व्हायोलिन वाजवणारा. प्यारेलाल त्याच्याकडे शिकले, अन् लक्ष्मीकांत-प्यारेलालच्या या गाण्यात गुरूचं नाव आलं. मुंबईच्या स्टुडिओत गोव्याचे असे कितीतरी वादक बसत. कागदावरचं नोटेशन ते सरळ वाचत. पडद्यावर मात्र त्यांचं नाव क्वचितच येई. एवढं सांगून आपला ट्रम्पेट एका पोट्ट्याच्या हाती दे. गाल फुगतील, नुसती हवा निघेल, बाकीचे हसतील. मग ओठ कसे आवळायचे ते दाखव. त्या पहिल्या 'पों'नंतर ते तुझं काहीही ऐकतील.

जुन्या काळची गायिका गौहर जान, तिची गोष्ट वाचून दाखवू नको, करून दाखव. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. घड्याळ एका पोरीकडे दे, मी क्लॅरिनेटवर आलाप सुरू करतो. तीन मिनिटं झाली की तिनं "बस!" ओरडायचं, तान अर्धी असली तरी मी थांबणार. रात्रभर चालणारं गाणं यंत्रानं कसं कापलं, ते त्यांना तिथंच कळेल. मग सांग, १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान तबकडीसाठी गाताना गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायची, कारण तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या अन् तिथल्या कारागिराला आवाज कोणाचा ते कळायला पाहिजे. मग प्रत्येक पोट्ट्याला एक ओळ गाऊन शेवटी स्वतःचं नाव ओरडायला लाव. वर्गात कल्ला होईल. होऊ दे.

'महल' सिनेमाच्या गाण्याचं त्यानंतर घे. १९४९ साली त्या तबकडीवर गाणारीचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. लोकांनी रेडिओला पत्रं टाकून विचारलं तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. आपल्याला तरी लग्नात कोण नाव विचारतो? "ओ बँडवाले" एवढंच. जाऊ दे.

सिनेमाच्या पुढंमागंही पाहा. तुकडोजी महाराजांची खंजिरी या मुलखात गावोगाव पोचली. १४ एप्रिलला आपण वामनदादा कर्डकांची गाणी वाजवतो, ती पोट्ट्यांना आपल्याहून जास्त पाठ असतात. गावात भजनाला बसणारा एखादा म्हातारा बोलवून त्याची खंजिरी ऐकव. कोणाकडून शिकला ते पोट्ट्यांनाच विचारू दे, अन् त्याचं नाव फळ्यावर लिहायला लाव. धुमाल, म्हणजे आपल्याकडचा ढोलांचा दणदणाट, मागितली तर तीही वाजव. मला तिचा राग नाही, फक्त कान बसतात.

शुक्रवारी सकाळी सातला टेम्पो निघेल. पावसाळी हवेत क्लॅरिनेटची रीड (तोंडाशी लावायची पातळ पट्टी) फुगते, म्हणून दोन जास्तीच्या डबीत ठेव. शाळेत लाइट राहीलच असं नाही, कॅसिओ कीबोर्डच्या भरवशावर राहू नको. अन् काट्याचं घड्याळ आण, माझं बंद पडलं आहे.

तुझा
मास्तर