प्रिन्सिपलच्या इंटरव्ह्यूत लायब्ररीबद्दल काय विचारू?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. शाळा स्वयंअर्थसहाय्यित, सेमी इंग्लिश, साधारण ६०० मुलं. आमचे प्रिन्सिपल सर रिटायर होतायत आणि नव्या प्रिन्सिपलच्या इंटरव्ह्यूला संस्थेनं पालकांतर्फे मला पॅनेलवर बसायला सांगितलंय. मला प्रत्येक उमेदवारामागे दहा मिनिटं मिळणार आहेत. शाळेत लायब्ररी आहे, कपाटं चांगली भरलेली आहेत, पण कुलूप काढलेलं मुलांनी क्वचितच बघितलंय. मला त्याबद्दलच विचारायचंय. पण वाचनाचं महत्त्व वाटतं का असं विचारलं तर नाही कोण म्हणणार? मग विचारू तरी काय?
— एक पालक, नाशिक

उत्तर : ताई, दहाच्या दहा मिनिटं लायब्ररीलाच द्या, बाकीचे सदस्य रिझल्ट आणि शिस्तीबद्दल विचारतीलच. आणि तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, महत्त्व विचारलंत की भाषण मिळतं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन कसा दणक्यात केला, पुस्तकांची रांगोळी काढली, फोटो काढले, हे सगळे सांगतात. ऐकून घ्या आणि मग विचारा, "सर, नोव्हेंबरमधल्या एखाद्या साध्या बुधवारी चौथीतला मुलगा तुमच्या लायब्ररीत कधी येईल, पुस्तक कोण देईल आणि ते घरी नेता येईल का?" इथे बरेच जण अडकतात, कारण ह्याचं उत्तर टाइमटेबल स्वतः बनवलेल्या माणसालाच देता येतं.

माझ्या अनुभवात प्रिन्सिपलला लायब्ररी हवी आहे की नको हे तीन ठिकाणी कळतं, टाइमटेबल, पैसे आणि हरवलेलं पुस्तक. त्यातलं तिसरं कुणी विचारतच नाही आणि खरी गोम तिथेच आहे, म्हणून ते आधी सांगते.

शाळेतली लायब्ररी बंद का असते? मुलांना वाचायचं नसतं म्हणून नाही हो. स्टॉक तपासणीत पुस्तकं कमी भरली तर त्याचे पैसे आपल्या पगारातून कापतील ही भीती ग्रंथपालाच्या किंवा ज्या बाईंकडे लायब्ररीचा चार्ज दिलाय त्यांच्या मनात बसलेली असते, आणि ती उगाच नसते, कापलेले आहेत लोकांचे. मग त्या बाई काय करणार, कपाटाला कुलूप लावणार आणि किल्ली पर्समध्ये ठेवणार, कारण न दिलेलं पुस्तक कधीच हरवत नाही. आपल्या रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम पुस्तकं वापरासाठी असतात हा आहे, आणि आपल्याकडे अजून ती मोजून परत ठेवण्यासाठीच असतात.

म्हणून विचारा, "वर्षअखेर ४० पुस्तकं कमी भरली, तुम्ही काय कराल?" चौकशी लावू, वसुली करू असं पटकन उत्तर आलं तर त्यांच्या हाताखाली लायब्ररी उघडी राहणार नाही हे समजून घ्या. चांगला माणूस उलट विचारतो, देवघेव किती झाली होती? आता हे बघा, केंद्र सरकारच्या जनरल फायनान्शियल रूल्समध्येसुद्धा (२०१७ चा नियम २१५) वर्षभरात दिलेल्या-वाचलेल्या दर १००० पुस्तकांमागे ५ पुस्तकं गहाळ होणं वाजवी धरलंय, त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर. तो नियम तुमच्या खासगी शाळेला लागू नाही, पण माप म्हणून वापरायला काय हरकत आहे? ६०० मुलं, प्रत्येकाला आठवड्याला एक पुस्तक, वर्षाचे ३० आठवडे धरले तरी १८,००० वेळा पुस्तक हातात गेलं, म्हणजे ९० पुस्तकं हरवली तरी ते मापात बसतं! ४० म्हणजे तर बाईंचं कौतुक करायला हवं. हा हिशोब पॅनेलसमोर मांडा, संस्थेच्या खजिनदारांच्याही कानावर जाईल.

टाइमटेबलचं असं की लायब्ररीचा पिरियड कागदावर बहुतेक शाळांत असतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो, गॅदरिंगच्या आधी प्रॅक्टिसला जातो आणि कुणी शिक्षक रजेवर असले की ग्रंथपालांनाच ऑफ पिरियडवर पाठवतात, म्हणजे लायब्ररी पुन्हा बंद. तेव्हा विचारा, "दहावीचे गणिताचे सर फेब्रुवारीत येऊन म्हणाले की सातवीचा लायब्ररीचा तास मला द्या, माझा पोर्शन राहिलाय, तर?" ह्याचं एकच बरोबर उत्तर नसतं. कुणी म्हणेल एकदा देईन पण पुढच्या आठवड्यात परत घेईन, कुणी म्हणेल शाळा सुटल्यावर जादा तास घ्या. नुसतं "ॲडजस्ट करू" म्हणाले तर मात्र सोडू नका, कुणाचं काय ॲडजस्ट करणार ते विचारा.

पैशाबद्दल थोडक्यात. बजेटमध्ये लायब्ररीचं खातं वेगळं ठेवणार का आणि पुस्तकं कोण निवडणार, एवढंच विचारा. समग्र शिक्षा ह्या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेत सरकारी शाळांनासुद्धा इयत्तांप्रमाणे वर्षाला ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत लायब्ररी ग्रँट ठरवलेली आहे, मग फी घेणाऱ्या शाळेनं त्याहून कमी खर्च करावा हे कसं चालेल? निवड महत्त्वाची एवढ्यासाठी की वर्षअखेरीला उरलेल्या पैशातून विक्रेता देईल तो गठ्ठा उचलायचा ही पद्धत फार आहे, त्यात मग गाइडं, निबंधमाला आणि त्याच त्या थोर पुरुषांची चरित्रं पाच-पाच प्रतींत येतात आणि तिसरीतल्या मुलाला वाचता येईल असं मोठ्या अक्षरातलं, चित्रांचं पुस्तक एक नसतं.

"आम्ही डिजिटल लायब्ररी करू" असंही कुणीतरी म्हणेलच. वाईट नाहीये ते, प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टी फुकट वाचायला मिळतात आणि वर्गात स्क्रीनवर लावून वाचून दाखवायला छान पडतात. पण त्या जोरावर खोली रिकामी करून तिथे कॉम्प्युटर लॅब करायचा बेत असेल तर तो आत्ताच बाहेर काढून घ्या.

शेवटचं आणि जमलं तर हे कराच. संस्थेला सांगून उमेदवाराला शाळा दाखवताना लायब्ररीत न्या आणि पाच मिनिटं काही बोलू नका. मी एका पॅनेलवर होते तेव्हा एक मॅडम आल्या, त्यांनी कपाटातून सहजच एक पुस्तक काढलं, मागचं पान उघडलं, तिथल्या तारखांच्या चिठ्ठीवरचे शिक्के वाचले, ते ठेवलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं, असं चारपाच वेळा. मग विचारलं, "विज्ञानाची पुस्तकं तीन वर्षांत कुणी नेलीच नाहीत का? की वरच्या खणात आहेत म्हणून मुलांचा हात पोचत नाही?" खरंच वरच्या खणात होती. आधीचे दोन उमेदवार दारातूनच "वा, छान आहे" म्हणून पुढे गेले होते. त्या मॅडमची निवड झाली, आणि पहिल्याच महिन्यात ती पुस्तकं खाली आली.

प्रश्न : आमची शाळा अनुदानित आहे. मुख्याध्यापक सेवाज्येष्ठतेनं होतात, इंटरव्ह्यू वगैरे काही नसतो. मग आम्ही पालकांनी आणि शिक्षकांनी करायचं काय?
— एक शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : खरं आहे, १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे अनुदानित शाळेत पात्रता आणि समाधानकारक रेकॉर्ड असलेले सगळ्यात ज्येष्ठ शिक्षकच मुख्याध्यापक होतात, अल्पसंख्याक संस्थांची गोष्ट वेगळी. पण ह्यात तुमची एक सोय आहे बघा, पुढचे मुख्याध्यापक कोण हे तुम्हाला वर्षदोन वर्षं आधीच माहीत असतं! नाशिकच्या ताईंना दहा मिनिटं मिळतात, तुम्हाला अख्खं वर्ष मिळतं. त्या सरांना आत्ताच लायब्ररी समितीत घ्या, स्टॉक तपासणीला सोबत बसवा, एका वर्गाची देवघेव त्यांच्या हातानं होऊ द्या. खुर्चीत बसल्यावर फाइलींचा ढीग पडतो, शालेय पोषण आहारापासून यू-डायसवर शाळेची माहिती भरण्यापर्यंत सगळं एकदम अंगावर येतं, तेव्हा लायब्ररीचं नव्यानं समजावून सांगायला जाऊ नका.

आणि पालकांनी नुसती विनंती करण्यापेक्षा कायदा पुढे ठेवावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलं पाहिजे आणि त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सगळ्या विषयांची पुस्तकं असली पाहिजेत असं लिहिलंय. तो आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी आहे, खासगी शाळांनाही आहे. "गोष्टींच्या पुस्तकांसह" हे त्यात मुद्दाम घातलंय, तेवढं पेन्सिलनं अधोरेखित करून कॉपी द्या. ग्रंथपालाचं पद नसेल किंवा अर्धवेळ असेल तर वर्गावर्गात पुस्तकांची पेटी फिरवा, आठवी-नववीच्या दोन मुली नोंद ठेवतात, आणि फार व्यवस्थित ठेवतात.

प्रश्न : मी पर्यवेक्षिका आहे, पुढच्या महिन्यात एका शाळेत प्रिन्सिपलच्या पदासाठी इंटरव्ह्यू आहे. तिथे ग्रंथपालच नाही असं कळलंय. मी पॅनेललाच उलट प्रश्न विचारला तर आगाऊपणा वाटेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात नाही, विचारा. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतात तेव्हा पगाराच्या आधी हे विचारा. ग्रंथपालाचं पद भरणार का, कधी भरणार, आणि तोपर्यंत लायब्ररी ज्या शिक्षकांकडे द्याल त्यांचे आठवड्याचे तास कमी करायला परवानगी आहे का? हे दुसरं फार गरजेचं आहे, कारण तास कमी न करता दिलेला चार्ज कुणीच मनापासून सांभाळत नाही आणि त्यात त्या शिक्षकांचा काही दोष नसतो. पुस्तकांसाठी पैसे कुठून येतात तेही विचारा. २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे खासगी शाळेला फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावाच लागतो, त्यामुळे लायब्ररीची रक्कम तिथे वेगळी दाखवता येईल का असं म्हणालात तर पालक तुमच्याच बाजूनं उभे राहतील. संस्था हो म्हणाली तर जॉइन व्हायच्या आधी ते त्यांच्या मीटिंगच्या इतिवृत्तात लिहून घ्या.