टोमॅटोला वेळ दे, अंड्याला नको

अरे बाळा,

तुझा मेसेज वाचला, मेस बंद केलीस आणि चार दिवस मॅगीवर चालू आहे म्हणे. ओरडणार नाही, पुण्यात रूमवर असताना मीपण तेच धंदे केलेत, आमच्याकडे वातीचा स्टो, एक पातेलं आणि एक पसरट कढई, बास. पण आता एक सांगतो ते कर. टोमॅटोच्या दाट रश्शात फोडलेली अंडी. पारशी लोक याच्या जवळचंच करतात, 'टामेटा पर ईडू', त्यांच्यात बटाटा काय नि भेंडी काय, कशावरही अंडं फोडतात. आपण त्यात कांदा-लसूण मसाला टाकला की झालं आपलं.

दोघांना चार अंडी, चार मोठे टोमॅटो, दोन कांदे, पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन मिरच्या. टोमॅटो करकरीत नको, पिकून लालभडक झालेले आण, संध्याकाळी उशिरा गेलास की भाजीवाला असलेच मऊ पडलेले स्वस्तात देऊन टाकतो. आणि भावाचं काही खरं नसतं, २०२३ ला मे महिन्यात शेतकरी टोमॅटो फेकून देत होते आणि जुलैत तेच शंभरीच्या पार गेले, तसं झालं तर दोनच टोमॅटो घे, कांदा वाढव आणि चिंचेचं जरासं पाणी घाल.

आता मुख्य गोष्ट. सगळे उलटं करतात, टोमॅटो पाच मिनिटांत उरकतात आणि अंडी दहा मिनिटं उकळत ठेवतात, मग रस्सा कच्चा आंबट आणि अंडं रबर. तेल दोन-तीन चमचे, कंजूसपणा नको, कांदा गुलाबी झाला की लसूण-मिरची, मग हळद, मसाला, आणि मसाला करपायच्या आत लगेच टोमॅटो. मीठ इथेच घालायचं, मिठाने टोमॅटो पाणी सोडतो आणि पटकन गळतो. झाकण ठेव, मधे मधे पळीने चेचत राहा. आधी पाणी-पाणी दिसेल, फुटल्यासारखं, मग पळी फिरवली की मागे कढईचा तळ क्षणभर दिसायला लागेल आणि कडेने लालसर तेल सुटेल. तोपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात, जाऊ देत, फोन बघत बस पण कढई सोडून जाऊ नको. चव बघ, फार आंबट असेल तर गुळाचा एवढासा खडा.

मग अर्धी वाटी गरम पाणी, गॅस बारीक, पळीने चार खड्डे कर आणि प्रत्येकात एक अंडं. थेट कढईत फोडायचं नाही हां, आधी वाटीत! माझं एकदा तयार रश्शात चौथं अंडं फोडलं ते सडकं निघालं, महिनाअखेर, खिशात पैसे नाहीत, तिघं जण ताटं घेऊन बसलेले आणि वास असा की खिडकीजवळ जाऊन उभे राहिलो. सगळं ओतून दिलं. त्या रात्री नुसता पाव आणि चहा. शंका असेल तर अंडं पाण्यात सोडून बघ, आडवं पडलं तर ताजं, बुडून उभं राहिलं तर जुनं पण चालेल, तरंगलं तर फेक, जुनं होत जातं तशी आतली हवा वाढते म्हणून.

झाकण ठेवून चार-पाच मिनिटं. हलवायचं नाही. पांढरं घट्ट झालं आणि पिवळं बोट लावल्यावर थोडं हललं की बंद कर, कढईच्या उष्णतेने अजून शिजतं. पिवळं पूर्ण घट्ट हवं असेल तर अजून दोन-तीन मिनिटं. वरून कोथिंबीर. लादीपाव बेस्ट, भाकरी मिळाली तर मग विचारूच नको. पावासकट दोघांचं पोटभर होतं आणि बाहेरच्या एका थाळीपेक्षा स्वस्त पडतं.

तुझ्याकडे इंडक्शन आहे ना? मग साधी ॲल्युमिनियमची कढई चालणार नाही, बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघून भांडं घे, पसरट आणि झाकणवालं. लोखंडी नको, टोमॅटोच्या आंबटपणाने रस्सा काळपट होतो. खरकटं भांडं आधी गार पाण्याने धू, गरम पाण्याने अंडं अजूनच चिकटून बसतं. आणि घरमालकाला अंडी चालतात का ते विचारलंयस ना, नाहीतर टरफलं कागदात गुंडाळून थेट बाहेरच्या कचऱ्यात.

रविवारी कर आणि अंडी फोडायच्या आधी रश्शाचा फोटो पाठव, तेल सुटलंय का ते बघून सांगतो.

तुझा काका